चाक रुतलं ते कुणामुळे?

पिंट्याला एकपात्री स्पर्धेत कर्ण करायचाय. घरी ओरडायची सोय नाही, म्हणून आठवडाभर त्याची तालीम आमच्या कट्ट्यावर चाललीय. विजेचा खांब म्हणजे रथ. खांबाच्या बुंध्याशी हा गुडघे टेकतो, नसलेलं चाक दोन्ही हातांनी उपसतो, धापा टाकतो आणि मान वर करून ओरडतो, "नियती! शेवटी तूच जिंकलीस!" पहिल्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी खांबाखालचं कुत्रंही उठेनासं झालं. काल मात्र वकिलाचा संयम संपला.

(हा कोर्टातला वकील नव्हे. दर वाक्याला 'पुरावा काय?' विचारतो, म्हणून शाळेपासून वकील.)

"नियती कशी काय जिंकली रे?"

"म्हणजे? ऐन वेळी चाक रुतलं, अस्त्र आठवेना. दोन-दोन शाप होते बिचाऱ्याला."

"शाप काय सोडतीत लागले होते? एक ब्राह्मणाची गाय मारली म्हणून, दुसरा परशुरामाला खोटं सांगून विद्या घेतली म्हणून. स्वतःचं केलेलं स्वतःला भोवलं, त्याला नियती म्हणतात होय?"

मास्तर पेपरची घडी करून वारा घेत बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण एकेक प्रश्न विचारून पुढच्याला बाकावर उभं करायची सवय काही जात नाही.

"वकील, त्याला खोटं का सांगावं लागलं?"

"द्रोणानं ब्रह्मास्त्र शिकवायला नकार दिला म्हणून."

"का दिला?"

"सूतपुत्र म्हणून."

"सूतपुत्र कशानं झाला?"

"कुंतीनं पेटीत घालून नदीत सोडला म्हणून."

"तिनं का सोडला?"

"लग्नाआधीचं मूल. दुर्वासानं मंत्र दिला होता, पोरीनं म्हणून पाहिला."

"आणि दुर्वास नेमका तिच्याच घरी का उतरला? जा, अजून मागे जा. जाता जाता असा एक टप्पा येतो की कुणाचीच चूक सापडत नाही. त्या टप्प्याला आपल्याकडे दैव म्हणतात."

"आणि तिथून पुढे जे जे घडलं त्या सगळ्याची पावती दैवाच्या नावानं फाडायची! मास्तर, द्रौपदीला भरसभेत 'बंधकी' म्हणाला, तेव्हा कुठलं दैव जिभेवर बसलं होतं?"

पिंट्या उसळला. त्याच्या संहितेत याचं उत्तर आहे. "तिनं आधी त्याचा अपमान केला होता. स्वयंवरात. धनुष्य उचलून प्रत्यंचा चढवणार, एवढ्यात ही म्हणाली, मी सूताला वरणार नाही!"

"पुरावा?"

इथे वकिलाला मानलं पाहिजे, कारण तो तयारीनं आला होता. भांडारकर संस्थेनं शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, काम १९१९ ते १९६६ चाललं. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदीचं ते वाक्य नाही. थोड्या पोथ्यांत आहे, म्हणून खालच्या पाठभेदांत गेलं. "म्हणजे कुणातरी सांगणाऱ्याला कर्णाचं सभेतलं बोलणं पचेना," वकील म्हणाला, "म्हणून त्यानं आधी एक अपमान शिवून ठेवला. ठिगळ. तू जे नाट्य म्हणून करतोयस ना, ते ठिगळ आहे."

पिंट्याचा चेहरा उतरला. स्पर्धा चार दिवसांवर आलीय आणि त्याच्या बारा मिनिटांतली तीन त्या स्वयंवराची आहेत.

सुमी तोपर्यंत गप्प होती. ती मोबाइलमध्ये डोकं घालून सगळं ऐकते आणि मग एकदम मधूनच सुरुवात करते. "तुम्ही दोघं नशिबावर भांडताय, पण लोकांना कर्ण आवडतो तो शापांमुळे नाही. शापित माणसं महाभारतात पायलीला पन्नास आहेत. तो आवडतो कारण मित्राला सोडलं नाही. मला विचाराल तर ती निष्ठाच मला संशयास्पद वाटते. दुर्योधनानं अंगदेश कधी दिला? रंगभूमीवर, म्हणजे राजपुत्रांनी शस्त्रविद्या दाखवायच्या आखाड्यात, अर्जुनासमोर उभा राहील असा कुणीतरी हवा होता तेव्हा. कृपाचार्यांनी कुळ विचारलं आणि दोन मिनिटांत राज्याभिषेक. ही मैत्री की भरती?"

"परत काय देऊ, असं कर्णानं विचारलं होतं त्याला," मास्तर म्हणाले. "दुर्योधनाचं उत्तर तीन शब्दांचं आहे. अत्यन्तं सख्यमिच्छामि. कायमची मैत्री हवी. बाकी काही मागितलं नाही."

"मास्तर, कायमची मैत्री म्हणजे 'बाकी काही नाही' कसं? सगळ्यात महाग तेच तर मागितलं."

यावर मास्तर हसले. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते उत्तर आवडलं, मला कळलं नाही.

मग मी तोंड उघडलं. मला या सगळ्या कथेत शाप, चाक, कवचकुंडलं यांपेक्षा एक जागा फार मोठी वाटते, आणि नेमकी ती पिंट्याच्या संहितेत नाही. शिष्टाई फसल्यावर परत निघालेला कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि जन्माचं गुपित सांगून टाकतो. तू कुंतीचा थोरला. चल माझ्याबरोबर. पाचही जण तुझे पाय धरतील, युधिष्ठिर युवराज होऊन तुझ्यामागे उभा राहील, आणि सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल. (शेवटची लालूच ऐकून सुमीनं "शी!" म्हटलं. बरोबरच आहे. पण कृष्ण काय काय पणाला लावत होता ते त्यावरून कळतं.) जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस जळत होता ती ताटात वाढून समोर आली. दार सताड उघडं. शापानं बांधलेलं नाही, जातीनं अडवलेलं नाही, कुणाचा पहारा नाही.

आणि तो नाही म्हणतो. कारण काय देतो? आधी दुर्योधनाचं नावही घेत नाही. म्हणतो, अधिरथानं मला घरी आणलं तेव्हा मायेनं राधेला पान्हा फुटला. तिनं माझं गूमूत काढलं. अधिरथानं माझं नाव ठेवलं, माझी लग्नं लावली. आता सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी ओतल्या, तरी हे नातं खोटं करता येणार नाही. त्यानंतर मग दुर्योधन येतो, की त्याच्या आधारानं तेरा वर्षं राज्य भोगलं, माझ्या भरवशावर त्यानं हे युद्ध मांडलंय. शेवटी आणखी एक गोष्ट सांगतो: हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

"मग दैव कुठे गेलं यात?" मी विचारलं. "या एका ठिकाणी त्याला कुणीही ढकललेलं नाही. हरणार हे त्याला माहीत आहे, पुढच्याच बोलण्यात तो पांडवांच्या जयाची स्वप्नं सांगतो. तरी निवडतो. पिंट्या, तू त्याला चाकापाशी रडवतोस आणि नियतीवर ढकलतोस, तेव्हा त्याचा हा एक स्वतःचा निर्णयसुद्धा त्याच्याकडून काढून घेतोस."

"पण निर्णय चुकीचाच ना," वकील.

"चुकीचा. पण त्याचा."

"तेवढं मान्य."

वकिलानं काही मान्य करणं हा कट्ट्यावर दुर्मीळ योग, तो मी मनात नोंदवून ठेवला. पण तो थांबतो कसला? त्याचं म्हणणं असं, की खाल्ल्या मिठाला जागणं हा गुण की दोष हे मीठ कुणाचं त्यावर ठरतं. त्यानं विकर्ण आणि युयुत्सू काढले. दोघेही धृतराष्ट्राचेच मुलगे. द्यूतसभेत म्हातारेकोतारे माना खाली घालून बसले तेव्हा विकर्ण उभा राहून म्हणाला, हे चूक आहे. त्याला गप्प कुणी बसवलं? कर्णानं! आणि युद्धात हाच विकर्ण भावाच्या बाजूनं लढून मेला, भीमालाही त्याला मारताना हळहळ वाटली. युयुत्सूनं युद्ध सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत मैदान ओलांडलं आणि पांडवांकडे गेला. जगला. पुढे पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा कोवळ्या परीक्षिताच्या राज्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून गेले.

"दोघांपैकी बरोबर कोण?" वकिलानं विचारलं आणि स्वतःच सांगून टाकलं, "युयुत्सू. शंभर टक्के. पण युयुत्सूवर एकपात्री करणारा एक पिंट्या मला दाखवा."

हे मात्र लागलं. खरंच आहे. बिभीषणाचं तर विचारूच नका. त्यानं रावणाला समजावलं, हाकलून दिल्यावर रामाकडे गेला, लंकेचा राजा झाला. रामायणानं राज्य दिलं आणि आपल्या भाषेनं त्याच्या नावाची शिवी केली. कुंभकर्णानंही रावणाला तोंडावर सुनावलं होतं, पण मग उठून लढायला गेला, म्हणून त्याच्याबद्दल आपण झोपेचे विनोद करतो तेही प्रेमानं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण पाठ असलेल्या समाजात दांड्याची बाजू कोण ऐकणार? कुऱ्हाड कुणावर पडतेय, झाड कसलं होतं, हे म्हणीत कुठे विचारलंय?

"भीष्मांचं काय मग?" सुमीनं विचारलं. "ते तर आजोबा. त्यांनाही कळत होतं."

मास्तरांनी डोळे मिटले, म्हणजे आता संस्कृत येणार. "अर्थस्य पुरुषो दासो दासस्त्वर्थो न कस्यचित्. माणूस पैशाचा दास, पैसा कुणाचा दास नाही. युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला गेला, तेव्हा भीष्म त्याला म्हणाले, कौरवांनी मला अर्थानं बांधलंय. द्रोण तेच म्हणाले. कृपही तेच."

"आणि शल्य?" वकिलानं विचारलं. याला सगळं माहीत असतं, फक्त मास्तरांच्या तोंडून काढून घ्यायचं असतं.

शल्याची गोष्ट मला कायम हसवते. मद्र देशाचा राजा, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, सैन्य घेऊन भाच्यांच्या मदतीला निघालेला. वाटेत जागोजागी मुक्कामाची उत्तम व्यवस्था. खूश होऊन म्हणाला, ज्यानं ही सोय केली त्याला काय हवं ते देतो. मांडवामागून दुर्योधन बाहेर आला. झालं, सेना कौरवांकडे. वर हाच शल्य युधिष्ठिरालाही शब्द देऊन बसला, की कर्णाचा सारथी झालो तर त्याचं खच्चीकरण करीन. आणि त्यानं दोन्ही शब्द पाळले! शब्दाला जागण्याच्या हिशेबानं पाहिलं तर शल्यासारखा इमानी राजा नाही. त्या इमानाचा उपयोग मात्र कुणालाच झाला नाही.

"म्हणजे भीष्म पगारावर, शल्य पाहुणचारावर," सुमी म्हणाली, "आणि एकट्या कर्णाला अख्खं राज्य समोर आलं तरी त्यानं घेतलं नाही. ठीक आहे. मघाचं 'भरती' मागे घेते. अर्धं."

मग तिनं तिचा राजा आणला. इंग्रजांच्या दंतकथांतला आर्थर. सुमीचं त्याच्याबद्दलचं वाचन बरंच आहे आणि तिच्यामुळे आम्हालाही तो आता चुलत्यासारखा झालाय. आर्थरचा शेवट मॉर्ड्रेडच्या हातून. मॅलरीनं जी कथा सांगितली, कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापली, तिच्यात मॉर्ड्रेड हा आर्थरचा सावत्र बहिणीपासून झालेला मुलगा. त्याच्या तीनेकशे वर्षं आधी जेफ्री ऑफ मॉनमथनं लिहिलं त्यात तो नुसता भाचा. आर्थरचा जिवलग सरदार लान्सेलॉट, जो त्याच्याच राणीच्या प्रेमात पडला, तो तर जेफ्रीकडे नाहीच, तो नंतर फ्रेंच कवीनं आणला. म्हणजे पुन्हा सांगताना प्रत्येकानं फितुरी एकेक पाऊल घराच्या आत आणली: आधी भाचा, मग जिवलग मित्र, मग पोटचा पोरगा.

"आणि आर्थरच्या जादूगारानं, मर्लिननं, भविष्य सांगितलंच होतं," ती म्हणाली. "मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला मुलगा तुझा नाश करणार. तर या थोर राजानं काय केलं? त्या तारखेची सगळी मुलं गोळा करून जहाजात घातली आणि समुद्रात सोडली. जहाज फुटलं. मॉर्ड्रेड तेवढा वाचला."

"कंस," मास्तर आणि मी एकदमच म्हणालो.

"कंस! पण कंसाला आपण कंस म्हणतो. आर्थरला आदर्श राजा म्हणतात, आणि हे जहाज बहुतेक जण सांगतच नाहीत."

यानंतर तिनं जे सांगितलं त्यावर कालची निम्मी संध्याकाळ गेली. शेवटच्या लढाईआधी आर्थर आणि मॉर्ड्रेडमध्ये तह ठरत होता. दोन्ही सैन्यं समोरासमोर, मध्ये थोडी माणसं बोलणी करतायत. ठरलंही. तेवढ्यात झुडपातून एक साप निघाला आणि एका सरदाराच्या पायाला डसला. त्यानं सहज, साप मारायला म्हणून तलवार उपसली. लांबून दोन्ही सैन्यांना दिसलं काय, तर उन्हात चमकलेलं पातं. शिंगं वाजली. संध्याकाळपर्यंत सगळे संपले.

पिंट्या खांबाला टेकून ऐकत होता. "बघा! ही नियती. एक साप!"

"थांब," सुमी म्हणाली. "निघण्याआधी आर्थरनं सैन्याला बजावलं होतं, की तलवार उपसलेली दिसली रे दिसली की तुटून पडा, माझा त्याच्यावर विश्वास नाही. मॉर्ड्रेडनंही आपल्या लोकांना हुबेहूब तेच सांगितलं होतं. आता सांग, साप कुणी सोडला?"

कुणी काही बोललं नाही. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, तिचा दिवा आमच्या तोंडांवरून फिरून गेला.

वकील तर जाम खूश. त्याला फिरदौसीचा शाहनामा, इराणी राजांचं महाकाव्य, आठवला. इराणचा बादशहा गुश्तास्प. मुलगा इस्फंदियार गादी मागतोय. बादशहानं ज्योतिष्याला विचारलं, याचा मृत्यू कुठे? उत्तर मिळालं, महावीर रुस्तमच्या हातून. तर बादशहानं मुलाला हुकूम केला, जा, रुस्तमला बेड्या घालून आण, मग गादी देतो. भविष्य टाळण्याऐवजी त्यानं ते कामाला लावलं. मुलगा आज्ञाधारक, बापाचा शब्द मोडवेना, गेला आणि डोळ्यांत बाण लागून पडला. "पण मरताना तो काय म्हणाला? मला रुस्तमनं मारलं नाही, बाणानं मारलं नाही, माझ्या बापानं मारलं. नियती, नशीब, काही नाही. नाव घेतलं! हजार वर्षांपूर्वीचा कवी नाव घ्यायला घाबरला नाही, आणि आमचा पिंट्या आभाळाकडे बघतोय."

मला वाटलं आता निकाल लागला. पण मास्तरांनी पेपर बाजूला ठेवला. "कर्णानंही नाव घेतलंय."

"कुणाचं?"

"स्वतःचं. त्याच रथात. कृष्णाला म्हणतो, हा जो सगळ्या पृथ्वीचा विनाश येऊन ठेपलाय, निमित्तं तत्र शकुनिरहं दुःशासनस्तथा. त्याला निमित्त शकुनी, मी, दुःशासन. आणि दुर्योधन. चौघांत स्वतःला दुसरं ठेवलंय."

"मग झालंच तर!" वकील. "आरोपीचा कबुलीजबाब."

"घाई करू नका. शब्द कुठला आहे? निमित्त. आता गीतेत या. कृष्ण अर्जुनाला म्हणतो, निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्. यांना मी आधीच मारलंय, तू नुसता निमित्त हो. आणि पुढच्याच श्लोकात मेलेल्यांची नावं आहेत. द्रोण, भीष्म, जयद्रथ, आणि कर्ण." मास्तर थांबले. "तोच शब्द. कर्ण म्हणतो तेव्हा तुम्ही त्याचा अर्थ 'कारण' घेताय. कृष्ण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'नुसतं साधन'. आपण मराठीत तर दोन्हीकडून वापरतो. तापाचं निमित्त झालं आणि गेला, म्हणतो, तेव्हा ताप दोषी नसतो. आणि पोरगा गृहपाठ करत नाही तेव्हा 'निमित्तं सांगू नकोस' म्हणतो, तेव्हा दोष सगळा पोराचा."

वकील पहिल्यांदाच पुरावा न मागता विचार करत बसला. मग म्हणाला, "मास्तर, हे तुम्ही वर्गात शिकवलं नाहीत कधी."

"वर्गात तुम्ही खिडकीबाहेर बघत होता."

माझं मत विचाराल तर ते काल जरा बदललं. मी समजत होतो की नियती हा पुन्हा सांगणाऱ्यांनी मागाहून चोपडलेला रंग आहे. 'मृत्युंजय' कादंबरी १९६७ साली आली, तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन असे एकेक जण 'मी' म्हणून बोलतात. आता 'मी' म्हणून बोलायला बसवल्यावर कुठलाही माणूस स्वतःची बाजू मांडणारच, मोठा आवाज लागणारच. पिंट्याचा ओरडा त्या घराण्यातला. पण सांगणाऱ्यांची ही सोय फार जुनी आहे. भासाच्या नावावरच्या 'कर्णभार' या संस्कृत नाटकात इंद्र कवचकुंडलं मागायला येतो तो थेट युद्धाच्या वाटेवर, शल्य शेजारी असताना. महाभारतात ते वनवासाच्या काळातच उरकलेलं आहे. भासानं काळ ओढून दोन्ही प्रसंग चिकटवले, आणि त्या एका हालचालीनं कर्ण दुप्पट बिचारा आणि दुप्पट मोठा झाला. त्याला ठिगळ म्हणायचं की कला, यावर वकिलाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

"ते सगळं असू दे," पिंट्या काकुळतीला आला. "तीन मिनिटं स्वयंवराची गेली, शेवट गेला. मी करू काय?"

मी म्हटलं, त्या आखाड्यातला, रंगभूमीचा प्रसंग कर. राज्याभिषेक नुकताच झालाय. तेवढ्यात अधिरथ येतो. म्हातारा, काठी टेकत, घामानं निथळलेला, अंगावरचं उपरणं घसरतंय. नवा राजा धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकानं ओलं झालेलं डोकं सगळ्या क्षत्रियांदेखत त्याच्या पायावर ठेवतो. आणि तो म्हातारा काय करतो, तर लगबगीनं उपरण्याच्या टोकानं आपले पाय झाकतो.

"का झाकतो?" पिंट्यानं विचारलं.

"राजानं सूताच्या पायांना शिवू नये म्हणून," मास्तर म्हणाले.

"धुळीचे असतील," सुमी म्हणाली. "चालत आला असेल. पोराचं डोकं आत्ताच धुतलंय."

यावर वाद झाला नाही. पिंट्यानं लगेच करून पाहायचं ठरवलं. मास्तरांना कट्ट्याच्या कडेला उभं केलं, हातात त्यांचीच छत्री. सुमीनं बाटलीतलं उरलेलं पाणी, विचारता न विचारता, पिंट्याच्या डोक्यावर ओतलं. तो वाकला. मास्तरांकडे उपरणं कुठलं, त्यांनी गडबडीत पेपर पायांवर धरला आणि दुसरा हात त्याच्या ओल्या केसांवर ठेवला. पेपरवर टपटप थेंब पडत होते.

"आता भीम," मी म्हणालो. "वकिला, तू म्हण. 'सूतपुत्रा, तुझ्या हातात चाबूकच शोभतो.'"

वकील उठला, घसा खाकरला, दोघांकडे बघत राहिला.

"थांब रे," तो म्हणाला, "आधी त्याचं डोकं तरी पुसू दे."